पॅप, एचपीव्ही की व्हाया? गर्भाशयमुखाची तपासणी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तिथला कर्करोग होण्याआधीचे बदल सापडावेत म्हणून गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची, तपासणी करून घ्या असं सगळेच सांगतात. प्रत्यक्ष गेलं की पॅप स्मिअर आणि एलबीसी (पेशींची तपासणी), एचपीव्ही डीएनए (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची), को-टेस्ट (दोन्ही एकत्र), व्हाया (ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं) अशी नावं समोर येतात आणि कोणती करायची ते उभ्या उभ्या ठरवावं लागतं. ही निवड घरूनच करून जाता यावी म्हणून हा लेख.

चाचणी किती अचूक आहे हे बघाच. पण त्याआधी विचारा, निकाल वेगळा आला तर पुढची तपासणी कुठे होणार, किती दिवसांत होणार आणि तुम्हाला कोण कळवणार? कारण यातली एकही चाचणी स्वतः काही बरं करत नाही. पुढची पायरी झाली तरच तिचा उपयोग.

१. आधी बघा, काही त्रास होतोय का

खालच्या सगळ्या चाचण्या कसलाही त्रास नसलेल्या स्त्रियांसाठी आहेत. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, रक्तमिश्रित किंवा दुर्गंधी येणारा स्राव, यांपैकी काहीही असेल तर चाचणी निवडत बसू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीत लावायचं साधन) लावून तपासून घ्या.

अशा वेळी पॅपचा नॉर्मल अहवाल फसवू शकतो. वाढलेल्या गाठीच्या पृष्ठभागावर मेलेल्या पेशी, रक्त आणि पू असतो, त्यामुळे तिथून घेतलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी येतीलच असं नाही. डोळ्यांना जखम किंवा गाठ दिसत असेल तर अहवाल काहीही असो, बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, व्हायला हवी.

पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातली सीए-१२५ या तपासण्या इथे कामाच्या नाहीत. गर्भाशयमुखाच्या पेशींतले सुरुवातीचे बदल त्यांत दिसत नाहीत. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पॅप कशाला’ हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यात वर्षं वाया जातात.

२. वय आणि मागचा इतिहास

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण स्त्रियांनी ३० व्या वर्षी सुरुवात करावी आणि एचपीव्ही चाचणी दर ५ ते १० वर्षांनी करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी सुरुवात २५ व्या वर्षी आणि अंतर ३ ते ५ वर्षांचं, कारण प्रतिकारशक्ती कमी असताना बदल लवकर पुढे सरकतात. एचपीव्ही चाचणी मिळत नसेल तर पॅप किंवा व्हाया दर ३ वर्षांनी. काही देश पॅपने २१ किंवा २५ व्या वर्षीच सुरुवात करतात. तुमच्या देशाचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

विशीत एचपीव्ही चाचणी करण्याची घाई का नको? त्या वयात हा विषाणू अगदी सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. तेव्हा चाचणी केली की जो संसर्ग जाणारच होता त्याची चिंता आणि उपचार मागे लागतात. गर्भाशयमुखाचा भाग कापून काढणाऱ्या उपचारांनी पुढच्या गरोदरपणात अकाली प्रसूतीची शक्यता वाढते, म्हणून हे नुकसान किरकोळ समजू नका.

थांबायचं कधी? याच शिफारशीनुसार ५० वर्षांनंतर लागोपाठ दोन निकाल निगेटिव्ह असतील तर थांबता येतं. बऱ्याच देशांत ही मर्यादा ६५ आहे.

आणखी दोन प्रश्न नेहमी येतात. एचपीव्हीची लस घेतली असेल तरी तपासणी चुकवायची नाही, कारण कर्करोग करणारे विषाणूचे सगळेच प्रकार लसीत नसतात आणि लस घेण्याआधी झालेला संसर्ग तिने जात नाही. गर्भपिशवी काढली असेल तर शस्त्रक्रियेचा कागद बघा. गर्भाशयमुखासकट पूर्ण पिशवी काढली असेल आणि आधी कधी गंभीर बदल सापडले नसतील, तर साधारणपणे तपासणीची गरज नाही. तोंड तसंच ठेवलं असेल तर तपासणी सुरूच ठेवायची. आपलं नेमकं काय काढलं हे अनेकींना ठाऊक नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा.

३. कोणती पद्धत काय बघते

गर्भाशयमुखावर बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या पट्ट्याला संक्रमण क्षेत्र म्हणतात. जवळजवळ सगळे बदल तिथेच सुरू होतात. एचपीव्हीच्या धोकादायक प्रकारांचा संसर्ग तिथे टिकून राहिला की पेशी बदलतात आणि त्याचा कर्करोग व्हायला सहसा १० ते २० वर्षं जातात. या रोगात वेळ आपल्या बाजूने असतो, म्हणूनच तपासणीचा एवढा फायदा.

एचपीव्ही चाचणी विषाणू शोधते. सुमारे १४ धोकादायक प्रकारांची जनुकं नमुन्यात आहेत का, हे यंत्र बघतं. १६ आणि १८ हे दोन प्रकार वेगळे सांगणारी चाचणी मिळाली तर तीच घ्या, कारण सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगांमागे हेच दोन असतात. इथला सापळा असा की काही प्रयोगशाळांच्या यादीत ६ आणि ११ हे प्रकारही मोजले जातात. त्यांनी चामखिळी होतात, कर्करोग होत नाही. ‘फक्त हाय-रिस्क एचपीव्ही’ असं स्पष्ट सांगा. रक्तातून होणारी एचपीव्ही चाचणी या कामाची नाही.

पॅप आणि एलबीसी पेशी बघतात. जुन्या पॅपमध्ये खरवडलेल्या पेशी थेट काचपट्टीवर पसरतात. एलबीसीमध्ये ब्रश द्रवाच्या बाटलीत धुतात आणि यंत्र त्यातून पेशींचा पातळ थर बनवतं. गंभीर बदल पकडण्यात एलबीसी फार पुढे आहे असं नाही. फायदा वेगळा आहे: रक्त आणि स्राव बाजूला पडतात, वाया जाणारे नमुने कमी होतात आणि त्याच बाटलीतून नंतर एचपीव्ही चाचणी करता येते. हा शेवटचा फायदा मोठा आहे, कारण पुन्हा बोलावलेली प्रत्येक जण परत येतेच असं नाही.

व्हाया पृष्ठभाग बघते. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून किमान एक मिनिट थांबतात आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहतात. संक्रमण क्षेत्राला चिकटून, कडा स्पष्ट असलेला दाट पांढरा डाग उमटला तर चाचणी पॉझिटिव्ह. निकाल तिथल्या तिथे मिळतो, प्रयोगशाळा लागत नाही. मर्यादा दोन. सूज, जंतुसंसर्ग किंवा भरून येणारी जखमही पांढरी दिसते. आणि पाळी गेल्यावर संक्रमण क्षेत्र आत सरकतं, ते दिसलं नाही तर व्हायाला अर्थच उरत नाही. त्यामुळे साधारण पन्नाशीनंतर ती निवडू नका.

विली या व्हायासारख्याच चाचणीत ॲसिडऐवजी लुगॉल आयोडीन वापरतात. ग्लायकोजेन असलेल्या निरोगी पेशी गडद तपकिरी होतात, बदललेला भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघणं, या यादीत नाही. ती पहिली चाचणी म्हणून करायची नसते. वरच्या चाचणीत काही सापडलं की पुढची पायरी म्हणून करतात.

४. आकड्यांत तुलना

समजा, १००० स्त्रिया आल्या आणि त्यांतल्या २० जणींना उपचाराची गरज असलेला बदल खरोखर आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी धरला आहे.

एचपीव्ही चाचणीची पकड ९५ टक्के धरली तर २० पैकी १९ जणी सापडतात. पण निरोगी ९८० पैकी १० टक्के, म्हणजे ९८ जणींना विषाणू सापडतो, पण उपचार लागणारा बदल मात्र नसतो. पॅपची पकड एका वेळी ६० टक्के धरली तर १२ सापडतात, ८ निसटतात. निरोगींपैकी ३ टक्के धरल्या तर सुमारे २९ जणींनाच उगाच बोलावणं जातं.

म्हणजे एचपीव्ही निगेटिव्ह आली तर निश्चिंतपणा मोठा. ती पॉझिटिव्ह आली तर मात्र त्यावरून लगेच काही ठरत नाही, मध्ये आणखी एक चाचणी लागते. पॅपचं उलटं: पॉझिटिव्हला वजन, पण एका निगेटिव्हवर पाच वर्षं झोपून चालत नाही. म्हणूनच पॅपचं अंतर ३ वर्षांचं. एका फेरीत निसटलेला बदल पुढच्या फेरीत सापडण्याची चांगली शक्यता असते आणि रोग हळू चालतो, म्हणून तोवर उशीर झालेला नसतो. व्हायाचे आकडे इथे दिले नाहीत, कारण बघणारी व्यक्ती बदलली की ते बदलतात.

या तिन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना करणारा एक मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात पुढच्या आठ वर्षांत पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्म्यावर आले. पॅप आणि व्हायाच्या गटांत मृत्यूंमध्ये तशी ठळक घट दिसली नाही. मात्र मुंबईत टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी व्हायाच्या चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हाया निवडणार असाल तर पुढच्या फेऱ्याही त्यात धरलेल्या आहेत हे समजूनच निवडा.

५. मग निवड कशी करायची

तिशीच्या पुढे असाल आणि एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर तीच घ्या, शक्यतो एलबीसीच्या बाटलीतून. निगेटिव्ह आली तर किमान पाच वर्षं मोकळ्या. पॉझिटिव्ह आली तर त्याच बाटलीतून पेशी तपासता येतात.

पॅप आणि एचपीव्ही एकत्र, म्हणजे को-टेस्ट, ही सगळ्यांत खात्रीची म्हणून सुचवली जाते. एकट्या एचपीव्हीपेक्षा तिच्यातून मिळणारी भर थोडीच असते. खर्च आणि किरकोळ बदलांचा घोर मात्र दोन्हीचा. परवडत नसेल तर तिच्यासाठी तपासणी पुढे ढकलू नका.

प्रयोगशाळा दूर असेल, अहवालाला महिने लागत असतील किंवा पुन्हा येणं कठीण असेल, तर व्हाया चांगली, पण तिथे त्याच दिवशी उपचाराची सोय असेल तर.

आतली तपासणी नको वाटत असेल, तर स्वतः घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्ही चाचणी होते. पीसीआर पद्धतीच्या (विषाणूची जनुकं अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या) चाचणीत हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तितकाच विश्वासाचा ठरतो. संकोचामुळे वर्षानुवर्षं तपासणी टाळणाऱ्यांसाठी याहून चांगला मार्ग नाही. फक्त त्यावर पॅप करता येत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आल्यास एकदा जावंच लागतं.

६. तयारी

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १० ते २० दिवसांतला दिवस घ्या. आधीचे ४८ तास संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, मलमं, शुक्राणुनाशक जेली आणि आतून धुणं बंद. बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे जाऊ द्या. जंतुसंसर्गाने खूप स्राव असेल तर आधी त्याचा उपचार.

सोबत न्यायचं:

- शेवटच्या पाळीची तारीख
- आधीचे सगळे पॅप, एचपीव्ही, बायोप्सी अहवाल, नॉर्मल असले तरी
- शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड
- चालू औषधांची नावं, विशेषतः हार्मोन, रक्त पातळ करणारी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी
- ओळखपत्र आणि सॅनिटरी पॅड, कारण नंतर थोडा डाग पडू शकतो

७. तपासणीच्या खोलीत काय नीट व्हायला हवं

नमुना वाया जाण्याची बहुतेक कारणं इथेच घडतात. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

काचपट्टीवर किंवा बाटलीवर नाव नमुना घेण्याआधी लिहिलेलं हवं. ते स्वतः वाचा. स्पेक्युलम कोमट पाण्याने ओला करतात किंवा अगदी थोडं जेल लावतात. जेल जास्त झालं तर पेशी नीट दिसत नाहीत. लागत असेल तर सांगा, लहान आकाराचा स्पेक्युलम मिळतो. पाळी गेलेल्यांना कोरडेपणामुळे जास्त दुखतं आणि पेशीही सुकलेल्या दिसतात. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे इस्ट्रोजेनचं मलम देऊन पुन्हा नमुना घेऊ शकतात.

गर्भाशयमुख पूर्ण दिसल्यावर लाकडी पट्टी पूर्ण एक वळसा फिरवतात आणि आतल्या छिद्रासाठी बारीक ब्रश अर्ध्या वळशाच्या आत. झाडूसारखा ब्रश असेल तर एकाच दिशेने पाच वळसे.

जुन्या पॅपमध्ये पुढचे काही सेकंद फार महत्त्वाचे. पट्टी लगेच ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये बुडली पाहिजे किंवा तिच्यावर स्प्रे मारला पाहिजे. हवेत वाळली तर पेशी फुगतात, केंद्रक मोठं दिसतं आणि अहवालच चुकतो. पट्टी उघडी ठेवून कुणी फोनवर बोलत असेल तर हक्काने टोका. एलबीसीमध्ये ब्रश द्रवात तळाशी दाबून दहा वेळा धुतात, काही बाटल्यांत ब्रशचं टोकच आत सोडायचं असतं. कोणत्या बाटलीची कोणती रीत ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

स्वतः नमुना घेताना हात धुवा, ब्रशच्या टोकाला बोट लावू नका. एक पाय उंच ठेवा किंवा उकिडवं बसा. ब्रश साधारण ५ सेंटीमीटर आत सरकवून किटवर सांगितलेल्या वेळेइतका हलकेच फिरवा आणि लगेच नळीत ठेवा. नळीवर तारीख लिहायला विसरू नका. पाळीच्या दिवसांत घेऊ नका.

८. अहवाल कसा वाचायचा

आधी नमुना पुरेसा होता का ते बघा. पुरेसा म्हणजे एलबीसीत किमान ५,००० आणि जुन्या पॅपमध्ये किमान सुमारे ८,००० नीट दिसणाऱ्या पेशी. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ याचा अर्थ नॉर्मल असा होत नाही. दोन ते चार महिन्यांत पुन्हा करा.

- एनआयएलएम: संशयास्पद बदल नाही. ‘इन्फ्लमेशन’ शब्द सोबत असला तरी निकाल हाच. त्रास नसेल तर त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही.
- एएससी-यूएस: काहीसा वेगळेपणा, नक्की सांगता येत नाही. एचपीव्ही चाचणी करा, ती मिळत नसेल तर वर्षाने पॅप.
- एलएसआयएल: सौम्य बदल, बहुतेक वेळा आपोआप जातात. डॉक्टर वय आणि एचपीव्ही बघून कोल्पोस्कोपी की वर्षाने तपासणी ते ठरवतील.
- एएससी-एच (गंभीर बदल नाही असं म्हणता येत नाही), एचएसआयएल (गंभीर बदल) आणि एजीसी: या तिन्हींत कोल्पोस्कोपी हवीच. ‘सहा महिन्यांनी बघू’ हे उत्तर स्वीकारू नका. एजीसीमध्ये ग्रंथीपेशींचा प्रश्न असतो, तेव्हा गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचीही तपासणी लागू शकते.

एचपीव्ही १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असेल तर पॅप नॉर्मल असला तरी कोल्पोस्कोपी. इतर प्रकार असतील तर पेशी तपासायच्या. त्या नॉर्मल निघाल्या तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नाही. त्यावरून जोडीदारावर किंवा स्वतःवर संशयही घ्यायचा नाही. विषाणू अनेक वर्षं गप्प राहून मग चाचणीत दिसू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे अहवालावरून कुणालाही सांगता येत नाही. हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. अहवाल लपवून ठेवण्यात स्त्रियांचे उपचार राहून जातात, आणि ते फार वाईट आहे.

९. कोल्पोस्कोपी आणि त्यापुढे

कोल्पोस्कोप म्हणजे बाहेर उभं राहणारं भिंग. ते आत जात नाही. ॲसेटिक ॲसिड लावून बघतात आणि संशयास्पद जागेचा छोटा तुकडा घेतात. चिमटा बसल्यासारखं वाटतं, मग एक-दोन दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जातो. पॅडभर रक्त जात असेल किंवा ताप आला तर परत जा. गरोदर असाल तर आधी सांगा. कोल्पोस्कोपी तेव्हाही करता येते, पण आतल्या नळीचं खरवडणं टाळतात.

बायोप्सीत कर्करोगाआधीच्या बदलांना सीआयएन म्हणतात, १ सौम्य आणि ३ सगळ्यांत गंभीर. सीआयएन १ आलं तर सहसा फक्त लक्ष ठेवायचं. सीआयएन २ किंवा ३ आलं तर तो भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विजेच्या तारेने कापून काढतात. गोठवणं आणि जाळणं या उपचारांत तपासायला तुकडा उरत नाही, म्हणून डाग पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल तेव्हाच ते करायचे. पॅप आणि बायोप्सीचे निकाल एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे पॅपमध्ये एचएसआयएल आणि बायोप्सीत काहीच नाही, तर काचपट्ट्या पुन्हा बघायला सांगा.

उपचारानंतर नेहमीच्या पाच वर्षांच्या अंतरावर लगेच परत जायचं नाही. १२ महिन्यांनी एचपीव्ही चाचणी करा आणि त्यापुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. उपचाराचा कागद, बायोप्सीचा अहवाल आणि कापलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या होत्या का याची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे गाव किंवा डॉक्टर बदलले तरी नव्या डॉक्टरांना पहिल्या भेटीत हेच तीन कागद लागतील.